जुनी पिकअप आणि एक मिलिअँपिअर

लोखंडाला गंज चढण्यासाठी हवा आणि पाणी या दोन्ही गोष्टी लागतात, हे आपण शाळेत तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगाने शिकवतो. पहिल्या नळीत खिळा, पाणी आणि हवा. दुसऱ्या नळीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसऱ्या नळीत कोरडी हवा आणि तळाशी कॅल्शियम क्लोराइड. चार-आठ दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तांबूस होतो, बाकीचे दोन लखलखीत राहतात. प्रयोग सोपा आहे, बिनखर्चाचा आहे आणि त्याचा निष्कर्षही बरोबर आहे. पण एवढ्या ज्ञानावर विसंबून आम्ही एक जुनी पिकअप गाडी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी आमची चांगलीच फसगत झाली.

गाडी होती महिंद्र कंपनीची एफसी मालिकेतली. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही बांधणी बाजारात आणली. तिच्यात चालक इंजिनाच्या मागे न बसता जवळजवळ त्याच्यावरच बसतो, त्यामुळे गाडीची लांबी न वाढवता मागे माल भरायला जास्त जागा मिळते. महिंद्रने ही गाडी साठच्या दशकात आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. इंजिन जीप घराण्यातले, चार सिलिंडरचे. सिलिंडरचा व्यास ७९.४ मि.मी. आणि दट्ट्याची फेरी १११.१ मि.मी. यावरून इंजिनाची धारणक्षमता काढायला विद्यार्थ्यांना सांगावे. उत्तर २२०० घन सें.मी.च्या आसपास यायला हवे.

आमच्या हाती आलेली गाडी कित्येक वर्षे हर्णै बंदरातून मासळी वाहून नेत असे. त्यानंतर ती एका वाडीत आंब्याच्या झाडाखाली उभी होती. आम्ही चौघेजण प्रयोगशाळेत काम करणारे. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांत चौघांच्या मिळून चार पदव्या असल्या, तरी गाडीचे चाक बदलण्यापलीकडे कोणाला काही येत नव्हते.

फसगत झाली ती अशी. छपराचा आणि दारांच्या वरच्या भागाचा पत्रा रंग उडून पूर्ण उघडा पडला होता. पाऊस, खारा वारा, दव असे सगळे त्याने सोसले होते. तरीही त्याच्यावर गंजाचे फक्त पातळ, तपकिरी आवरण होते. खाली तारेच्या ब्रशने घासले की धड पत्रा लागत होता. याउलट मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचा जाड लेप बसला होता, दाराच्या तळाशी पत्र्याची घडी होती आणि पायपुसण्याखाली रबराने फरशी झाकून टाकली होती. अशा ठिकाणी हवा पोहोचणे कठीण. म्हणजे तीन नळ्यांच्या प्रयोगानुसार तिथे पत्रा चांगला राहायला हवा. प्रत्यक्षात तिथे पत्रा उरलाच नव्हता. बोटाने दाबले की खारी बिस्किटाप्रमाणे पापुद्रे सुटत होते. ब्रेकच्या पायदळीजवळ तर सरळ खालची जमीन दिसत होती.

हवा जिथे भरपूर तिथे गंज कमी, आणि जिथे हवा नाही तिथे पत्रा खलास, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आम्ही केलेले बरेचसे काम वाया गेले, म्हणून ते उत्तर आधी पाहू.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी विसाच्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. शाळेच्या प्रयोगशाळेत तो एका तासिकेत होतो. १०० मि.लि. पाण्यात ३ ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात चिमूटभर, म्हणजे ०.१ ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे पाच-सहा थेंब घाला. (फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नये, विषारी वायू निघू शकतो.) लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा आणि त्यावर या द्रावणाचा रुपयाएवढा एक थेंब सोडा. विरघळलेल्या लोखंडाशी फेरिसायनाइडचा गडद निळा रंग होतो, तर अल्क तयार झाले की फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होते. सुरुवातीला थेंबात इकडेतिकडे निळे आणि गुलाबी ठिपके दिसतात. थोड्या वेळाने मात्र ठिपक्यांची व्यवस्था बदलते. थेंबाच्या कडेने गुलाबी वलय आणि मध्यभागी निळा डाग असे चित्र तयार होते. आणखी काही वेळाने दोघांच्या मध्ये तपकिरी कडे दिसू लागते. तो गंज.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोहोचतो. मध्यभागी थर जाड. तिथला ऑक्सिजन लवकर संपतो आणि नवीन हळूहळू येतो. कडेला ऑक्सिजन आणि पाणी यांना इलेक्ट्रॉन मिळाले की हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. गुलाबी रंग त्यांचा. पण हे इलेक्ट्रॉन येतात कुठून? ते येतात थेंबाच्या मध्यभागातून, पत्र्याच्या आतून वाहत. मध्यभागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. म्हणजे थेंबाखाली चक्क एक विद्युतघट चालू असतो. धातूतून इलेक्ट्रॉन वाहतात, पाण्यातून आयन वाहतात आणि मंडल पूर्ण होते. ऑक्सिजन एका जागी खर्च होतो, लोखंड दुसऱ्या जागी झिजते आणि गंज तिसऱ्याच जागी साठतो.

येथे शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत विद्युत अपघटनाच्या वेळी धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द येतात. तेच शब्द गंजाच्या घटाला लावले की मुले हमखास गोंधळतात, कारण जी जागा झिजते ती स्वतःहून चालणाऱ्या घटात ऋण बाजूची असते आणि बाहेरून वीज देऊन चालवलेल्या घटात धन बाजूची. आम्ही तर आपापसांत बोलतानाही ‘झिजणारी जागा’ आणि ‘श्वास घेणारी जागा’ असेच म्हणू लागलो. शास्त्रीय परिभाषेत ते बसत नाही, पण चुका कमी झाल्या.

आता तीन नळ्यांच्या प्रयोगातले कोडे सुटते. तेलाखालचा खिळा अख्खाच्या अख्खा हवेवाचून असतो, म्हणून तो शाबूत राहतो. मडगार्डचा पत्रा तसा नाही. त्याचा काही भाग ओल्या चिखलाखाली गुदमरलेला असतो आणि काही भाग मोकळ्या हवेत असतो, आणि दोन्ही भाग एकाच पत्र्याचे असल्यामुळे विजेच्या दृष्टीने जोडलेले असतात. मोकळा भाग श्वास घेतो, त्याची किंमत चिखलाखालचा भाग मोजतो. दाराच्या तळाची घडी, दोन पत्र्यांमधली फट, वॉशरखालची जागा, रबराखालची फरशी या सगळ्या जागा त्यामुळेच घातक.

थोडा जास्त वेळ असेल तर हे मुलांना मीटरवर दाखवता येते. मिठाच्या पाण्यात मातीचे सच्छिद्र भांडे ठेवून आत एक आणि बाहेर एक असे दोन सारखे खिळे उभे करावेत. एका बाजूच्या पाण्यात माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडावी. दोन्ही खिळे मल्टिमीटरला जोडले की मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर विद्युतधारा दिसते, आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे तर हवा न मिळालेला खिळा जास्त झिजलेला असतो. उत्तर सांगण्यापूर्वी मुलांना अंदाज करायला लावावा. आमच्या अनुभवात बहुतेकजण चुकतात. आम्हीही चुकलो असतो.

ही धारा इतकी क्षीण असते की तिने काय होणार, असे वाटेल. फॅरडेच्या नियमाने हिशेब करून पाहू. एक मिलिअँपिअर धारा वर्षभर वाहिली तर सुमारे ३१,५०० कूलोम विद्युतभार वाहतो. लोखंडाचा एक मोल, म्हणजे ५५.८५ ग्रॅम, विरघळताना दोन फॅरडे म्हणजे १,९३,००० कूलोम सुटतात. यावरून वर्षाला सुमारे ९.१ ग्रॅम लोखंड जाते. लोखंडाची घनता ७.८७ धरली तर हे झाले १.१६ घन सें.मी. गाडीचा पत्रा १ मि.मी. जाडीचा धरा. म्हणजे ११.६ चौ. सें.मी. क्षेत्रफळाचे, जवळजवळ ४ सें.मी. व्यासाचे आरपार भोक! टॉर्चमधला एक लहानसा एलईडीसुद्धा याच्या दहापट धारा घेतो. अर्थात गाडी वर्षभर ओली नसते आणि धाराही एकसारखी वाहत नाही. पण पंचवीस-तीस पावसाळ्यांमध्ये पायदळीखाली जमीन का दिसू लागते, याचा अंदाज यावरून येतो.

हे सगळे आम्ही दुसऱ्या वर्षी नीट समजून घेतले. पहिल्या वर्षी आम्ही सर्व नवशिके करतात तेच केले. खोलणे ही फार सोपी आणि फार आनंदाची गोष्ट आहे. तीन रविवारांत आम्ही दारे, मडगार्ड, बत्त्या, बैठक, ब्रेक सगळे सुटे केले आणि बोल्ट एका बादलीत टाकले. त्या बादलीतल्या बोल्टांची जागा शोधण्यात पुढचे कित्येक रविवार गेले. ज्यांना असे काम करायचे असेल त्यांनी एक वस्तू खोलली की तिचे छायाचित्र काढावे, तिचे नटबोल्ट त्याच पिशवीत बांधून चिठ्ठी लावावी, आणि ती वस्तू पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावू नये. याहून उपयोगी सूचना आमच्यापाशी नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि जुन्या रंगात शिसे. म्हणून ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.

सर्वांत आधी आम्ही डाव्या बाजूचे मडगार्ड घेतले. तारेच्या ब्रशने घासून ते चकचकीत केले, वर गंजरोधक द्रव लावला, प्रायमर दिला, मूळ छटेचा रंग दिला. मार्चमध्ये ते इतके देखणे दिसत होते की आम्ही त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतले. जुलैच्या मध्यावर रंगावर मोहरीएवढे फोड आले. ऑगस्टमध्ये ते ज्वारीएवढे झाले. एक फोड टाचणीने फोडला तर आतून तपकिरी पाणी आले.

दोष रंगाचा नव्हता. पत्र्यावर गंज खोल खड्डे पाडतो आणि समुद्राकाठच्या गाडीत या खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड साठलेले असते. तळाशी लोखंडाचे धन आयन सुटत असल्यामुळे क्लोराइडचे ऋण आयन तिकडे ओढले जातात. ब्रशची तार खड्ड्याच्या तळापर्यंत जात नाही. ती फक्त तोंड चकचकीत करते. आता वाईट गोष्ट अशी, की क्लोराइड या व्यवहारात खर्च होत नाही. लोखंडाच्या क्लोराइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांच्या साहाय्याने गंजात रूपांतर झाले की आम्ल आणि क्लोराइड मोकळे होतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यातच रंगाचा थर पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवू शकत नाही. खाली क्षार असेल तर परासरणाने पाणी आत ओढले जाते आणि फोड फुगतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरते, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो. पत्र्याच्या घड्या फुगून सांधे उकलतात तेही यामुळेच.

थोडक्यात, आम्हाला गंज काढायचा नव्हता, मीठ काढायचे होते. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफा आणि जहाजांचे भाग जतन करणाऱ्यांना हा प्रश्न नेहमीचाच आहे. अमेरिकेतील ‘हन्ली’ ही पाणबुडी २००० साली समुद्रतळातून वर काढली आणि तिच्यातले क्षार काढण्यासाठी २०१४ साली ती सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून ठेवली. त्यांच्यापुढे इतिहासातला अमोल ठेवा होता आणि आमच्यापुढे मासळीची गाडी, पण रसायनशास्त्र तेच.

गंज उतरवण्याच्या तीन रीती आम्ही करून पाहिल्या. पहिली आम्लाची. ती झटपट होते, पण गंजाबरोबर लोखंडही खाते, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर नवे क्लोराइड आपल्याच हाताने खड्ड्यात भरले जाते. तिच्याबद्दल पुढे आणखी सांगायचे आहे.

दुसरी रीत उसाच्या मळीची. परदेशातले हौशी लोक एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात वस्तू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. मिश्रण आंबते, सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि ती गंजातले लोखंड धरून विरघळवतात. धड लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात हे सोपे वाटले होते. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, ती कुणीही उठून विकत आणू शकत नाही. मग आम्ही काळा गूळ आणायला गेलो. चाळीस किलो म्हटल्यावर दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती विसरणे कठीण आहे. गाडीचे पाटे जोडणाऱ्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि कड्या या गुळाच्या पाण्यात खरोखरच स्वच्छ झाल्या. मात्र वासामुळे शेजाऱ्यांनी दुसरा पिंपभर करू दिला नाही. ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या ओतीव वस्तू अशा मिश्रणात घालू नयेत. त्या खाल्ल्या जातात.

तिसरी रीत विद्युत अपघटनाची, आणि मिठासाठी हीच उपयोगी पडली. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घेऊन दर लिटरला साधारण एक लहान चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेली वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायची आणि साध्या लोखंडाच्या पट्ट्या धन टोकाला. गंजाचा घट जे करत होता त्याच्या उलट आपण करतो. ज्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन निघून जात होते, त्याच्यात आपण बाहेरून इलेक्ट्रॉन भरतो. गंजातल्या लोखंडाचे अंशतः क्षपण होऊन सैल, काळा थर तयार होतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे तो उचकटून काढतात. (गेलेला पत्रा परत येतो असा एक समज आहे. तसे होत नाही.) आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रा ऋण झाल्यामुळे क्लोराइडचे ऋण आयन त्याच्यापासून दूर, पट्ट्यांकडे जाऊ लागतात.

मीठ निघाले की नाही हे सिल्व्हर नायट्रेटने कळते. टाकीतले थोडे पाणी परीक्षानळीत घ्यावे, फसफस थांबेपर्यंत विरल नायट्रिक आम्ल घालावे आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. आम्ल आधी घातले नाही तर कार्बोनेटचाच साका पडतो आणि आपण फसतो. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असते, म्हणून ताज्या सोड्याच्या पाण्याची एक कोरी नळी शेजारी ठेवावी. उजव्या मडगार्डच्या पहिल्या पाण्यात दह्यासारखा पांढरा साका पडला. पाणी बदलत गेलो. पाचव्या पाण्याला दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या, तेव्हाच ते मडगार्ड बाहेर काढले, धुतले, उन्हात वाळवले आणि त्याच दुपारी प्रायमर दिला. स्वच्छ झालेला उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस दिसतो.

हा प्रयोग शाळेत खिळ्यावर किंवा जुन्या कुलपावर जरूर करावा, पण काही गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ वापरू नये, क्लोरीन वायू निघतो. टोके उलटी जोडली तर वस्तूच विरघळते. हे आमच्या हातून एका बिजागरीचे झाले. आणि हायड्रोजन. चार अँपिअर धारा दहा तास चालू ठेवली तर सुमारे १८ लिटर हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की ठिणगीने पेट घेऊ शकतो. टाकी उघड्यावर ठेवावी आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

हायड्रोजनने आम्हाला दुसऱ्याच वाटेने गाठले. ब्रेकचे शू ड्रमपासून मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा गंजल्या होत्या. लहान वस्तू म्हणून आमच्यातल्या एकाने त्या अर्धा तास हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवल्या. त्या सुरेख निघाल्या. संध्याकाळी त्या ताणून बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात ढकलून ब्रेक पाहायचे ठरवले. सकाळी येऊन पाहतो तर एक स्प्रिंग तुटलेली. रात्री तिला कुणीही हात लावला नव्हता. तुटलेल्या जागी पोलाद जरासुद्धा ताणले गेले नव्हते. साखरेच्या खड्यासारखा चमकदार, कणीदार भंग होता.

हे काय आहे ते आम्हाला माहीत असायला हवे होते. आम्ल लोखंडावर काम करते तेव्हा सुटणारा सगळा हायड्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने जात नाही. काही हायड्रोजन अणुरूपाने धातूच्या आत शिरतो. अणू इतका लहान की तो पोलादात फिरू शकतो, आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. मऊ पत्र्याला त्याचा फारसा त्रास नाही. स्प्रिंगसारखे कठीण पोलाद मात्र त्याने ठिसूळ होते, आणि तेही ताण दिल्यावर काही तासांनी, केव्हातरी. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ साली याचे वर्णन केले आहे. आम्लात बुडवलेली तार ठिसूळ होते, तुटलेले टोक ओले केले तर त्यातून बुडबुडे येतात आणि तार काही काळ तशीच ठेवली तर ठिसूळपणा कमी होतो, असे त्यांनी नोंदवले. कारखान्यांत अशा वस्तू आम्लातून काढल्यावर लगेच १९०–२०० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो.

आमच्यातल्या एकाने धातूंच्या भंगावर प्रबंध लिहिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. ज्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही काम करत होतो त्या मिस्त्रींना तुटलेली स्प्रिंग दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “साहेब, स्प्रिंगला ॲसिड दाखवायचं नसतं. मला आधी विचारायचं होतं.” त्यांना कारण माहीत नव्हते, आम्हाला कारण माहीत होते, आणि ती स्प्रिंग रस्त्यावर तुटली असती तर ब्रेक एका बाजूला धरून राहिला असता. त्या दिवसानंतर ब्रेक, सुकाणू आणि पाट्यांच्या कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी मिस्त्रींना विचारायचे असे ठरले. स्प्रिंगा नव्या आणल्या. विद्युत अपघटनातही वस्तूवर हायड्रोजन सुटतोच, म्हणून कठीण पोलादाच्या वस्तू त्या टाकीतही घालत नाही.

जाम झालेल्या नटांबद्दल थोडेसे. नट तापवला की त्याचे भोक मोठे होते की लहान, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. निम्मी मुले लहान होते म्हणतात, कारण धातू सगळीकडे पसरतो ना! प्रत्यक्षात भोकही धातूच्याच प्रमाणात मोठे होते. १२ मि.मी. भोकाचा नट ३०० अंशांनी तापवला तर भोक सुमारे ०.०४३ मि.मी.ने वाढते. केसाच्या जाडीपेक्षा हे कमी, पण नट आणि बोल्ट यांच्यामधला गंजाचा थर फोडायला पुरेसे. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली की वितळलेले मेण केशाकर्षणाने आत शिरते आणि वंगणाचे काम करते. आजूबाजूला पेट्रोल, तेल किंवा रबर असेल तर मात्र ज्योतीचा नाद सोडावा.

उरला प्रश्न जिथे पत्राच संपला आहे त्या जागांचा. सोपा उपाय लांबी भरण्याचा. भोकावर जाळी, तिच्यावर लांबी, वर रंग, की झाले. बाजारात ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या अशाच असतात. लोहचुंबक फिरवून पाहिला तर तो जागोजागी चिकटत नाही. लांबी आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहते, फटीत ओल राहते, आणि तिथे पुन्हा इव्हान्स यांचा थेंब तयार होतो. दुसरा टोकाचा उपाय सगळा पत्रा नवा ठोकून घेण्याचा. पण २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले, त्यांत गाडीचा सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत फार मोठे बदल झालेले नसावेत अशी अपेक्षा आहे. आम्हालाही ते पटते. म्हणून धड पत्रा लागेपर्यंत कापायचे, तेवढाच तुकडा त्याच जाडीच्या पत्र्याचा कापून कडेला कड लावून जोडायचा, एकावर एक चढवायचा नाही, असे केले. एकावर एक चढवले की नवी फट आली. यात वेळ फार जातो. एका फरशीला आम्हाला चार महिने लागले.

दाराच्या तळाला कारखान्यानेच पाणी निथळण्यासाठी भोके ठेवलेली असतात. काचेच्या फटीतून आत आलेले पाणी त्यांतून बाहेर पडावे अशी योजना. आमच्या गाडीत ती भोके पूर्वी कोणीतरी गंज झाकताना लांबीने बुजवली होती, आणि त्यामुळे दारात प्रत्येक पावसाळ्यात तळे साचत होते. ती उघडली, आतून पातळ केलेले मेण फवारले. गाडी आता चालते. रविवारी सकाळी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर आम्ही चौघे सायकलीच्या चाकाचा एक आरा घेऊन चारी भोके टोचून पाहतो. गेल्या वर्षी डाव्या दारातून आंब्याचे एक वाळके पान निघाले.